आधी हातात, मग वहीत

तिसरी-चौथीच्या कुठल्याही वर्गात फळ्यावर ४२ – १७ लिहा आणि मुलांच्या वह्या बघा. काही वह्यांत २५ असेल. बऱ्याच वह्यांत ३५ सापडेल. मुलाने सातातून दोन काढले, पाच लिहिले. चारातून एक काढला, तीन लिहिले. दोनातून सात जात नाहीत हे त्याला कळलं होतं. मग जे जातं ते त्याने केलं.

हे मूल ढ नाही. आळशीही नाही. त्याला ४२ मध्ये एक चार आणि एक दोन दिसतो. चार दशक आणि दोन सुटे दिसत नाहीत. ते त्याने कधी हातात धरलेलेच नसतात.

असं मूल एकटं नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ २०२४ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनाच हातच्याची वजाबाकी आली. बाकीची मुलं पुढच्या वर्गात गेली. तिथे भागाकार त्यांची वाट बघत बसलेला असतो. वजाबाकी कच्ची राहिली की भागाकार अडतो, भागाकार अडला की अपूर्णांक अडतात. मग सातवी-आठवीत मूल म्हणतं, मला गणित येत नाही. आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून शाळेतल्या बाईंना आणि गुरुजींना, अंगणवाडीच्या ताईंना, आणि संध्याकाळी मुलाला घेऊन बसणाऱ्या आईबाबांना, आजीआजोबांना माझं एक सांगणं आहे. गणित आधी मुलाच्या हातात द्या. मग त्याला ते तोंडाने सांगू द्या. मग ते वहीत उतरू द्या. या तिन्ही गोष्टी करा आणि याच क्रमाने करा. त्यासाठी पैसे फारसे लागत नाहीत. थोडी तयारी आणि बराच धीर लागतो.

सुरुवात सामानापासून करू.

खराट्याचे हीर घ्या. बोटाएवढे तुकडे करा. टोकं टोचत असतील तर घासून घ्या. आइसक्रीमच्या काड्या मिळाल्या तर उत्तमच. काडीपेटीच्या काड्या घेणार असाल तर गुल आधी खरवडून टाका, आणि हे काम मोठ्यांनीच करा. चिंचोके, सागरगोटे, बाटल्यांची झाकणं, जुन्या शर्टांची बटणं, नदीकाठचे गोटे, सगळं चालतं. रबर बँड हवेत. फासे हवेत. फासे नसतील तर लाकडाच्या ठोकळ्यावर ठिपके काढा. समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज सात आली पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

एक काळजी नक्की घ्या. गुंजा दिसायला सुंदर असतात, पण त्या विषारी आहेत. एरंडीच्या आणि कण्हेरीच्या बियाही तशाच. मूल वस्तू तोंडात घालतं हे धरूनच चला आणि या बिया वर्गात आणूच नका. अंगणवाडीतल्या लहानग्यांना बारीक मणी, बारीक बटणं देऊ नका. ती घशात, नाकात अडकतात. त्यांना मुठीत मावतील एवढ्या मोठ्या वस्तू द्या.

अशा सामानाला कुणी कमी लेखू नये. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती. ती खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यावरच्या मुलांपर्यंत पोहोचणार नव्हती. ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी गावात मिळणाऱ्या वस्तूंमधून साधनं उभी केली. शंख, शिंपले, पानं, बिया, खडे. पुढे कोसबाडच्या टेकडीवरही हेच काम चाललं. ऐंशी वर्षांपूर्वी पाड्यावर जमलं ते आज तुमच्या शाळेत नक्की जमेल.

आणखी एक. सामान मुलांना गोळा करू द्या, मुलांनाच मोजू द्या. थर्माकोलवर चिकटवलेलं, चकचकीत कागद लावलेलं साधन २२ डिसेंबरच्या गणित दिनाला छान दिसतं. पण मूल त्याला हात लावायला घाबरतं. मग ते कपाटात जातं आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत तिथेच राहतं. ज्या साधनाला हात लावता येत नाही ते बनवण्यात तुमची रविवारची दुपार घालवू नका.

आता गठ्ठ्यांचा खेळ. यंदा एकच गोष्ट करायची ठरवली तरी ही करा. म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

चौघांचा गट करा. गटाला एक फासा, सव्वाशे काड्या आणि मूठभर रबर बँड द्या. मूल फासा टाकेल आणि पडतील तेवढ्या काड्या घेईल. सुट्या काड्या दहा झाल्या की गठ्ठा बांधायचाच. दहापेक्षा जास्त सुट्या कुणाकडे दिसल्या तर पुढचा डाव थांबतो. ज्याचे तीन गठ्ठे आधी होतील तो पहिला आला, बाकीचे खेळत राहतील.

दोन-तीन दिवस एवढंच खेळा. मुलांचे हात दहाला सरावतात. ‘दहा झाले, बांध’ असं ती एकमेकांना सांगू लागतात. हातचा हाच. तो तुम्हाला वेगळा शिकवावा लागत नाही.

मग खेळ उलटा करा. प्रत्येकाला सुरुवातीलाच तीन गठ्ठे द्या. आता फाशावर पडतील तेवढ्या काड्या परत करायच्या. पहिल्याच डावाला मूल अडतं. चार द्यायच्या आहेत आणि हातात नुसते गठ्ठे आहेत. ते तुमच्याकडे बघेल. तुम्ही काही बोलू नका. थोड्या वेळाने कुणीतरी विचारेल, ‘बाई, गठ्ठा सोडला तर चालेल का?’ ज्या क्षणी मूल हे विचारतं त्या क्षणी त्याला हातच्याची वजाबाकी समजलेली असते. तुम्ही फक्त हो म्हणा.

इथेच थांबलात तर मात्र काम अर्धंच होईल. प्रत्येक डाव मुलाने बोलून दाखवला पाहिजे. ‘माझ्याकडे दोन दशक तीन होते. पाच द्यायचे होते. तीन दिले. एक दशक सोडलं, त्यातले दोन दिले. आता एक दशक आठ उरले.’ सुरुवातीला मुलं अडखळतील. वाक्य पुरं करायला तुम्ही धावू नका. मूल आपल्या शब्दांत सांगेल, आपल्या बोलीत सांगेल. सांगू द्या.

मग गटात एक मुनीम नेमा. त्याने तेवढा डाव खेळायचा नाही. समोर जे घडतं ते तो वहीत लिहील: २३ – ५ = १८. डाव संपला की मुनीम बदला. सगळ्यांची पाळी आली पाहिजे. काड्या हलतात तेव्हाच आकडे लिहिले जातात, म्हणून दोन्हींची गाठ पडते.

पुढच्या आठवड्यात काड्यांऐवजी चित्रं काढू द्या. दशकासाठी उभी रेघ, सुट्यासाठी ठिपका. त्यानंतर नुसते आकडे. मूल अडलं तर पुन्हा काड्या द्या. त्यात कमीपणा नाही. काही मुलांना काड्या पंधरा दिवस लागतात, काहींना दोन महिने लागतात. काढून घ्यायची घाई नको, आणि वर्षभर त्यांच्यावरच टेकून राहणंही नको.

खेळण्यातल्या नोटा याच्यानंतर आणा. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते आधीच माहीत असावे लागतात. गठ्ठ्यात दहा काड्या डोळ्यांसमोर असतात.

घरच्यांसाठी इथेच एक सूचना. तुम्ही शाळेत असताना ४२ – १७ ची वजाबाकी बहुधा अशी शिकलात: बारातून सात गेले पाच, हातचा एक, खालचा एक आणि हातचा एक दोन, चारातून दोन गेले दोन. शाळेत आता वरच्या चाराचे तीन करतात. दोन्ही रीती बरोबर आहेत, उत्तर सारखंच येतं. पण मूल शिकत असताना दोन्ही एकदम सांगितल्या तर ते वरच्या चाराचे तीनही करतं आणि खालच्या एकाचे दोनही करतं. मग उत्तर १५ येतं आणि त्याला ओरडा बसतो. तेव्हा गठ्ठे सोडण्याची रीत पक्की होईपर्यंत तुमची रीत जरा बाजूला ठेवा. बाई काय शिकवतात ते मुलालाच विचारा.

हात, तोंड आणि वही यांची गाठ मारा, असं मी पुन्हा पुन्हा का सांगतो? त्याला भक्कम कारण आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली. ती २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आली. भाजी तोलून देताना ही मुलं अवघड हिशेब तोंडी आणि अचूक करत होती. तसाच हिशेब शाळेच्या पद्धतीने कागदावर दिला की त्यातली बरीच अडत होती. आणि फक्त शाळेत जाणारी मुलं कागदावर बरी होती, पण बाजारातल्या हिशेबाला अडत होती.

म्हणजे बाजारातलं गणित आपोआप वहीत येत नाही. वहीतलं आपोआप बाजारात जात नाही. मध्ये पूल कुणीतरी बांधावा लागतो. तो तुम्हीच बांधायचा आहे. नुसता खेळ खेळून मुलं हसली, तास मजेत गेला, एवढ्यावर समाधान मानू नका. खेळानंतर दहा मिनिटं राखून ठेवा. काय झालं ते विचारा. ते लिहून घ्या.

आता सापशिडी. ती बहुतेक घरांत असते. तिच्यात तीन बदल करा.

पहिला बदल मोजण्यात. मूल ३७ वर आहे आणि चार पडले, तर ते ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत सोंगटी सरकवतं. त्याला सांगा, घरावरचा आकडा वाचत जा. ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.’ बदल एवढासाच आहे, पण याने संख्या कशा रांगेने येतात हे मुलाच्या डोक्यात बसतं. दुसरा बदल पटात. बाजारच्या पटावर एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि पुढची उलटी येते. लहान मुलं तिथे गोंधळतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नवा पट आखा. प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करा. म्हणजे १४ च्या वर २४ आणि २४ च्या वर ३४ येतील. दहाने वाढणं मुलाला दिसेल. तिसरा बदल बोलण्यात. साप चावला तर विचारा, कितीने खाली आलास? शिडी मिळाली तर विचारा, कितीने वर गेलीस?

अंगणवाडीच्या ताईंनी याहून सोपा पट करावा. जमिनीवर खडूने एका रांगेत दहा चौकोन आखा, आकडे घाला. फाशावर फक्त एक आणि दोन ठेवा. अमेरिकेत रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी यांनी गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर असा खेळ खेळून पाहिला. दोन आठवड्यांत मिळून तासभरच खेळ झाला, आणि मुलांची संख्यांची समज वाढली. तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही. तेव्हा घरात आकडे हवेतच, आणि ते मोठ्याने म्हणायला हवेत.

मराठी मुलाची एक अडचण तुम्हाला माहीत असेलच. छत्तीस ऐकताना आधी सहा ऐकू येतात आणि मग तीस. म्हणून मूल ६३ लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस दोन, वीस तीन’ अशा वाचनावरून किती वाद झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलट क्रम यांनी लहान मुलं अडतात, हा त्यांचा मुद्दा खरा होता, असं मला वाटतं. तुम्ही वादात पडू नका. तीन गठ्ठे आणि सहा सुट्या समोर ठेवा. ‘तीस आणि सहा, छत्तीस’ असं दोन्ही म्हणवून घ्या. एकोणचाळीस शिकवताना चार गठ्ठे ठेवा आणि एक काडी काढून घ्या. मूल विसरणार नाही.

पाढे पाठ करून घ्या. मी त्याच्या विरुद्ध मुळीच नाही. पाठ पाढा आयुष्यभर कामाला येतो. फक्त पाढा म्हणजे काय हे आधी दिसू द्या.

त्यासाठी ठिपक्यांची रांगोळी घ्या. अंगणात किंवा व्हरांड्यात खडूने सात ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके काढायला सांगा. एकेक मोजू नका म्हणावं. पाच ओळींनंतर एक दोरा आडवा ठेवा. वर पाच आठे चाळीस. खाली दोन आठे सोळा. मिळून छप्पन्न. ज्या मुलाला सातआठचा गुणाकार आठवत नाही त्याला आता तो उभा करता येतो. परीक्षेत पाढा विसरला तरी मूल रडत बसणार नाही.

मग सात ते चार ठिपक्यांची रांगोळी काढा. ओळीत चार, पाच, सहा, सात, पुन्हा सहा, पाच, चार. एकूण किती? उत्तर ३७. पण उत्तरापेक्षा कसं मोजलं ते विचारा. कुणी चार-चार, पाच-पाच, सहा-सहा अशा जोड्या लावून त्यात सात मिळवेल. कुणी मधला एक धरेल, त्याच्याभोवती सहा, त्याच्याभोवती बारा, मग अठरा. प्रत्येकाची रीत फळ्यावर लिहा आणि पुढे त्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने ओळखा. ‘ही अमक्याची रीत’ असं वर्गात म्हटलं गेलं की एरवी मान खाली घालून बसणारं मूल सरळ बसतं.

बाल आनंद मेळावा किंवा आठवडी बाजार बऱ्याच शाळांत भरतो. तो फोटोपुरता राहू देऊ नका. हल्ली दुकानात मोबाइल दाखवून पैसे दिले जातात. मुलांना सुटे पैसे दिसेनासे झाले आहेत. पन्नासची नोट देऊन किती परत येतील, हा विचार करायची वेळच त्यांच्यावर येत नाही. म्हणून या बाजारात रोखच चालवा.

सुटे परत देण्याची दुकानदाराची जुनी रीत मुलांना शिकवा. बिल ३६ झालं, नोट ५० ची आहे. ३६ वर चार ठेवले, चाळीस. वर दहा ठेवले, पन्नास. परत दिले चौदा. ही वजाबाकीच आहे, फक्त चढत्या बाजूने केलेली. दुसऱ्या दिवशी तीच वर्गात ५० – ३६ अशी लिहून घ्या.

प्रत्येक गाड्यावर हिशेबाची वही ठेवा. माल कितीचा आणला, विकला कितीला, उरला किती, नफा की तोटा. आणि पालकांनो, मूल पैसे मोजत असताना तुम्ही हात पुढे करू नका. रांग थांबली तरी थांबू द्या.

अपूर्णांकांना पोळी, भाकरी सगळेच वापरतात. चांगलंच आहे. पण गोल वस्तूचे तीन सारखे भाग कुणालाच नीट जमत नाहीत. त्यापेक्षा वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापा. एक दुमडून अर्धी, एक दोनदा दुमडून पाव, एकीच्या तीन सारख्या घड्या. मुलांना वाटतं, तीन मोठे म्हणून एक तृतीयांश अर्ध्यापेक्षा मोठा. पट्ट्या एकीखाली एक ठेवल्या की ती स्वतःच आपलं म्हणणं बदलतात. मग पाव किलो, पाऊण लिटर, सव्वा तास, दीड मीटर हे घरातले शब्द त्या पट्ट्यांवर बसवा. घरी आजी असतील तर त्यांना शेर-पायलीबद्दल विचारायला सांगा. चार शेरांची पायली. आजीला गणित येतं हे नातवंडांना कळू द्या.

भूमितीसाठी अरविंद गुप्तांची युक्ती वापरा. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली. काडीपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायचे. तीन काड्यांचा त्रिकोण घट्ट उभा राहतो. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो. एक तिरपी काडी घातली की तोही घट्ट होतो. मग मुलांना बाहेर न्या आणि पत्र्याच्या शेडची कैची दाखवा. तिथे त्रिकोण का आहेत ते तीच सांगतील.

पाचवीच्या पुढच्या वर्गांना आता दोन खेळ.

पहिला शर्यतीचा. जमिनीवर बारा रेघा आखा, प्रत्येकीवर एक बैल, क्रमांक १ ते १२. प्रत्येक गटाने एक बैल निवडायचा. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तो बैल एक घर पुढे जाईल. ज्याने १ निवडला त्याचा बैल हलतच नाही. कारण त्यालाच शोधू द्या. दहा-बारा घरांची शर्यत लावा. बहुतेक वेळा सहा, सात, आठ यांच्यातला कुणी पुढे असतो. मग वहीत सगळ्या जोड्या लिहायला सांगा. एकूण छत्तीस होतात. त्यांत सात सहा प्रकारे येतो, दोन आणि बारा एकेकदाच. पुढच्या शर्यतीला बैल निवडताना मुलं कसा विचार करतात ते बघा.

दुसरा खेळ आपल्याच मातीतला. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर संख्यांशी खेळत असत. त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. समजा ३५२४. मोठ्यात मोठी संख्या करा, ५४३२. लहानात लहान करा, २३४५. वजा करा, ३०८७. पुन्हा तेच: ८७३० – ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ – २३५८ = ६१७४. याच्यापुढे कितीही करा, ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोहोचता येतं.

याचा फायदा बघा. मूल न कंटाळता हातच्याच्या मोठमोठ्या वजाबाक्या करतं. उत्तर ६१७४ आलं नाही तर कुठेतरी चूक आहे हे त्याला स्वतःलाच कळतं, आणि ते मागे जाऊन शोधतं. तुम्हाला लाल रेघ मारावी लागत नाही. चौथीला तीन अंक द्या, तिथे ४९५ येतात. शून्य आला तर तो गाळायचा नाही, एवढं बजावून सांगा.

खेळ घेताना काही गोष्टी जपा.

घड्याळ लावू नका. जो आधी ओरडेल तो जिंकला, असे खेळ तीनचार मुलांसाठीच असतात. बाकीची मुलं विचार करणं सोडून देतात. कारण त्यांचा विचार पुरा व्हायच्या आत उत्तर आलेलं असतं.

चुकला म्हणून बाहेर, असा नियम ठेवू नका. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच सगळ्यात आधी बाहेर बसतो. फाशाचे खेळ म्हणूनच चांगले. नशिबामुळे कच्चं मूलही जिंकतं.

आवाज होणार. पहिल्या दिवशी फारच होईल. शेजारच्या वर्गाला आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा. मुलांना ‘गप्प बसा’ म्हणण्यापेक्षा ‘शेजारच्या गटाला ऐकू येणार नाही एवढंच बोला’ म्हणा. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र असतात. तिथे चौथीच्या मुलाला दुसरीच्या गटाचा मुनीम करा. दोघांचाही सराव होतो.

‘शाळेत नुसतं खेळतात’ अशी तक्रार येईल. ती मायेपोटी येते, रागावू नका. आनंददायी शनिवारी दोन-चार पालकांना वर्गात बोलवा. त्यांनाही गटात बसवा, फासा हातात द्या. आणि मुलाच्या वहीत मुनीमगिरीची पानं दाखवा. पानागणिक हिशेब दिसला की त्यांची शंका फिटते.

घरच्यांना मी जास्त काही सांगत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी वीस मिनिटं द्या. सापशिडी खेळा, पत्ते खेळा, शेंगा सोलताना दहा-दहाचे ढीग लावायला सांगा. मूल चुकलं तर उत्तर सांगू नका. ‘मला दाखव कसं केलंस’ म्हणा. आणि ‘मलापण गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य मुलासमोर बोलू नका. तुम्ही सहज बोलता, मूल ते स्वतःवर लावून घेतं.

शेवटची गोष्ट सामान आवरण्याची. ती घंटेच्या घाईत सोडू नका. प्रत्येक गटाने आपल्या काड्या गठ्ठे बांधून, मोजून डब्यात ठेवायच्या. डब्याच्या झाकणावर आकडा लिहिलेला असू द्या, १२५. कमी भरल्या तर किती कमी आहेत ते आधी सांगायचं, मग बाकाखाली शोधायचं. मोडलेल्या काड्या वेगळ्या काढा. नव्या कुणी आणायच्या ते शुक्रवारीच ठरवा, म्हणजे सोमवारी पहिल्या तासाला डबा पुरा असेल.